देवीची झोप
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नवरात्र नऊ रात्रींचं असतं, हे कुणाला सांगावं लागत नाही. तुळजापुरात मात्र हा हिशेब जुळत नाही. तिथला उत्सव घटस्थापनेच्या आठ-नऊ दिवस आधीच सुरू होतो आणि दसऱ्यानंतर पाच दिवसांनी, अश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीला संपतो. सगळे मिळून तीन आठवड्यांच्या वर दिवस होतात. आणि या तीन आठवड्यांतले जवळजवळ दोन आठवडे देवी काय करते? तर झोपते.

झोप हा शब्द मी बोलण्याच्या सोयीसाठी वापरला. देवळातला शब्द आहे 'मंचकी निद्रा'. मंचक म्हणजे पलंग. वर्षातून तीनदा तुळजाभवानी सिंहासनावरून उतरून शेजघरातल्या पलंगावर निजते, आणि या तिन्ही निद्रांना वेगवेगळी नावं आहेत. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, नवरात्राच्या आधी येते ती घोरनिद्रा. दसऱ्यापासून पौर्णिमेपर्यंतची ती श्रमनिद्रा. आणि पौषात, शाकंभरी नवरात्राच्या आधीची ती मोहनिद्रा. नावं ठेवणाऱ्याला झोपेतलं बरंच कळत होतं, असं मला नेहमी वाटतं. मोठं काम पुढे असताना माणूस गाढ झोपून घेतो ती झोप निराळी, काम उरकल्यावर अंग टाकतो ती निराळी, आणि थंडीच्या दिवसांत पांघरुणातून निघावंसंच वाटत नाही ती आणखी निराळी.

आता तुम्ही म्हणाल, देवाला निजवणं यात नवल काय? रात्रीची शेजारती तर पंढरपुरातही होते. पण फरक आहे. बहुतेक मोठ्या देवळांतली मुख्य मूर्ती आपल्या जागेवरून हलत नाही. मिरवायचं असलं की त्यासाठी वेगळी, लहानशी धातूची मूर्ती असते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. सिंहासनावरची गंडकी शिळेची, अष्टभुजा, महिषासुराला मारणारी जी मूर्ती, तीच उचलून शेजघरात नेतात, तिलाच पलंगावर निजवतात आणि दसऱ्याला तीच पालखीत बसते. निद्रेच्या दिवसांत सिंहासन खरोखरीच रिकामं असतं. नेहमीच्या अभिषेकपूजा त्यावर होत नाहीत. लांबून आलेला भाविक पायऱ्या उतरून, कल्लोळ तीर्थावर हातपाय धुऊन गाभाऱ्यासमोर येतो आणि त्याला दिसते ती निजलेली आई.

तुळजापूर धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेवर आहे. सोलापूरहून साधारण पंचेचाळीस किलोमीटर. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धं, अशी साडेतीन पीठं आपण मोजतो. पण देवीच्या विश्रांतीचा इतका तपशीलवार विचार मला तुळजापुरातच दिसला. माझं सासर त्याच बाजूचं. त्यामुळे पुस्तकात वाचण्याआधी या गोष्टी मी ओसरीवर बसून ऐकल्या.

घोरनिद्रेची तयारी गाद्यांपासून होते. देवीच्या गाद्यांचा कापूस नव्यानं पिंजला जातो, आणि हे पिंजण्याचं काम परंपरेनं मुसलमान पिंजारी घराण्याकडे असतं. उत्सवाचं पहिलं काम मंत्राचं नसून कापसाचं, आणि ते करणारा हात पिंजाऱ्याचा, ही गोष्ट मला फार आवडते. मग भाद्रपद वद्यातल्या त्या संध्याकाळी देवीला सिंहासनावरून पलंगावर नेतात. अमावास्या सरते, घटस्थापनेची पहाट उजाडते तेव्हा ती उठते, सिंहासनावर बसते आणि मग घट बसतात.

ती का झोपते, याचं गावातलं उत्तर सरळ आहे. पुढे नऊ दिवस महिषासुराशी झुंजायचंय. आधी झोप नको का व्हायला? शास्त्री मंडळींचं उत्तर जरा लांबचं, पण तेही ऐकण्यासारखं आहे. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात, ज्याला आपण दुर्गासप्तशती म्हणतो, पहिलीच कथा झोपेची आहे. प्रलयानंतर विष्णू शेषावर निजलेला आहे, मधु आणि कैटभ हे दैत्य ब्रह्मदेवावर धावून येतात. ब्रह्मदेव विष्णूला हाका मारत बसत नाही. तो देवीची स्तुती करतो, कारण विष्णूच्या डोळ्यांवर बसलेली झोप म्हणजेच देवी. ती दूर झाली तरच तो जागा होणार. पुढे त्याच ग्रंथात देवी सर्व प्राण्यांमध्ये कोणकोणत्या रूपांत राहते, याची मोठी यादी येते. त्यात बुद्धी आहे, भूक आहे, दया आहे, आणि झोपही आहे. थोडक्यात, झोप हे देवीला आलेलं सुस्तपण नव्हे, ते तिचंच एक रूप आहे. नवरात्रात तुळजापूरला ज्या विशेष अलंकारपूजा मांडतात त्यांत एक शेषशाही अलंकाराची असते, ती याच कथेची आठवण. बाकीच्या रथाची, मुरलीची, भवानी तलवारीची आणि महिषासुरमर्दिनीची. भवानी तलवारीच्या पूजेला गर्दी सगळ्यात जास्त, ते सांगायलाच नको.

इथे देवळातून जरा घरात येऊ या. कारण ज्या पंधरवड्यात देवी घोरनिद्रेत असते, त्याच पंधरवड्यात आमच्याकडे 'दसरा काढतात'. शहरातल्या मंडळींना हा शब्दप्रयोग कदाचित ठाऊक नसेल. दसरा काढणं म्हणजे घरातलं अंथरूण-पांघरूण, वाकळा, गोधड्या, पडदे, पोती, झाडून सगळं धुऊन काढणं. भिंती सारवणं किंवा रंगवणं. माळ्यावरची न लागणारी भांडीसुद्धा उतरवून घासणं. घट बसायच्या आत घरातली एकही वस्तू पारोशी राहता कामा नये. ओली गोधडी कधी उचलून पाहिलीय? दोघींनी मिळून पिळली तरी खांदे भरून येतात. नदी-ओढ्याला पाणी असतं तेव्हा ओळीनं दगडावर आपटल्या जाणाऱ्या गोधड्यांचा आवाज पार शिवारापर्यंत जायचा. आता धुलाई यंत्र आलं, पण चार लुगड्यांची गोधडी त्यात मावत नाही.

म्हणजे पाहा, ज्या आईच्या नावानं हे सगळं चाललंय ती युद्धाआधी गाढ झोपलेली, आणि तिच्या लेकी युद्धाआधीच अर्ध्या दमलेल्या.

मग घट. पत्रावळीवर किंवा टोपलीत शेतातली काळी माती, तिच्यात पाच, सात किंवा नऊ प्रकारचं धान्य, मधे पाण्यानं भरलेला मातीचा घट, वर नागवेलीची पानं आणि नारळ. रोज एक माळ वाढवायची: झेंडूची, तरवडाची, कारळ्याच्या फुलांची. शेजारी नंदादीप, तो नऊ दिवस विझू द्यायचा नाही. वरून फुलोरा टांगायचा, त्यासाठी कडाकण्या आणि करंज्या तळायच्या. यातली एकेक गोष्ट सुंदर आहे, आणि एकेक गोष्ट कुणीतरी उठून करावी लागते. नंदादीप विझू नये म्हणजे रात्री दोनदा उठून तेल पाहणारी एक बाई घरात हवी. शिवाय उपवास. कुणी नऊ दिवसांचा धरतं, कुणी उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या माळेचा. उपवास करणारी बाई घरातल्या उपवास न करणाऱ्यांचा स्वयंपाक करते, आणि मग स्वतःसाठी भगर टाकायचा कंटाळा येतो म्हणून चहावर दिवस काढते. महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. उपवासानं ते कमी झालं असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्यात आधीच कमी आहे, त्या चहावर नऊ दिवस काढतात हे काही बरं नाही.

देवळात या नऊ दिवसांत काय चालतं, ते बहुतेकांनी पाहिलेलं तरी असतं नाहीतर ऐकलेलं. गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेले आराधी, हातात परडी आणि पेटता पोत, संबळ-तुणतुण्यावरचे गोंधळी, रात्रीचा छबिना. घटस्थापनेच्या आदल्या दिवसापासून गावोगावची पोरं तुळजापुरात येतात, देवीपुढे ज्योत पेटवतात आणि आळीपाळीनं पळत ती आपल्या गावच्या मंडपापर्यंत नेतात. रस्त्यानं भेटली तर गाडी जरा हळू घ्या. पायात चपला नसतात त्यांच्या.

या सगळ्यापेक्षा मला सांगायचंय ते पलंगाचं आणि पालखीचं.

नवरात्रातल्या लढाईनंतर देवी ज्या पलंगावर निजते तो पलंग तुळजापुरात होत नाही. तो पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला तयार होतो. तिथून जुन्नर, मग नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, असा गावोगाव मुक्काम करत तो तुळजापूरला पोचतो. पलंग नेण्याचा मान नगरच्या एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पालखी येते ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, आणि ती घडते राहुरीला. हा मान तेली समाजातल्या भक्त घराण्याचा. त्यामागची कथा अशी सांगतात की, बुऱ्हाणनगरच्या जानकोजी नावाच्या तेल्याच्या घरी देवी लहान मुलीच्या रूपानं राहिली. त्यानं तिला लेकीसारखं वाढवलं. एक दिवस ती निघून गेली, आणि हा बाप तिला शोधत शोधत तुळजापुरात पोचला. तेव्हा तिनं त्याला सांगितलं की, माझं सीमोल्लंघन तुझ्या घरच्या पालखीतून होईल. कथा खरी की कशी, हा प्रश्न मी कधी विचारला नाही. पण तिचा अर्थ लागतो. लेक सासरी दमून जाते, तिच्यासाठी पलंग-पालखी माहेरहून यायला हवी.

वाटेवरच्या गावांत या पलंगाचं दर्शन घ्यायला लोक उभे असतात. बायका ओटीचं सामान घेऊन येतात. जरा डोळ्यांपुढे आणा. पलंगावर मूर्ती नाही, तसबीर नाही. रिकामा लाकडी पलंग. त्याला हात लावून बाई कपाळाला लावते. आपल्याकडे शस्त्रांची पूजा होते, वहीची होते, नांगराची, गाडीची, हल्ली संगणकाचीही होते. ही सगळी कामाची साधनं. विश्रांतीच्या साधनाला हात जोडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

दरवर्षी पलंग नवा, पालखीही नवी. जुनं ते होमकुंडात जातं. म्हणजे सुताराला, लोहाराला, पालखी वाहणाऱ्याला, पिंजाऱ्याला दरवर्षी नव्यानं काम आहे. एकदा चांदीचं करून ठेवलं आणि काम संपलं, असं इथे होत नाही. माझ्या मते उत्सव टिकला तो या व्यवस्थेमुळे. घोडेगावचं लाकूड, राहुरीची कारागिरी, बुऱ्हाणनगरचा मान, सोलापूरच्या काठ्या, तुळजापूरचे पुजारी. यातला एक जरी आला नाही तरी देवीचं निजणं अडतं. एकट्याच्या बळावर हा उत्सव कुणालाच करता येणार नाही.

दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन होतं. मूर्ती सिंहासनावरून काढतात आणि तिला एकावर एक साड्या गुंडाळतात, १०८ साड्या. पालखीच्या हेलकाव्यात मूर्तीला धक्का लागू नये म्हणून. मग 'आई राजा उदे उदे'च्या गजरात पालखी देवळाभोवती फिरते, पिंपळाच्या पारावर विसावते. कुंकवाची इतकी उधळण होते की फरशी, भिंती, माणसं, सगळं लाल होऊन जातं. आणि विजय मिळवून आलेली देवी सिंहासनावर जात नाही. ती थेट शेजघरात, नगरच्या पलंगावर जाते. तिथून पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. राजा जिंकून आला की दरबार भरवतो. ही जिंकून आली की झोपते. आणि तिच्या या झोपेला कुणी आळस म्हणत नाही. नावच श्रमाचं दिलेलं आहे. देवी झाली तरी श्रम झाले, आता तिला उठवू नका, असं सगळं गाव म्हणतं.

बंगालात दुर्गा माहेरी येते, असं मानतात. आपल्याकडे गौरी भाद्रपदात येते तीही माहेरवाशीण म्हणूनच; तीन दिवस कोडकौतुक करून घेते आणि जाते. माहेरी विश्रांती मिळणं हे आपल्या ओळखीचं आहे. तुळजाभवानी मात्र कुठे जात नाही. तिला स्वतःच्या घरातच झोप मिळते. हे जास्त अवघड, हे कुठलीही संसार करणारी बाई सांगेल. माहेरी आई 'झोप गं' म्हणते. स्वतःच्या घरात तसं म्हणणारं कोण असतं?

आमच्या घरात सासूबाई होत्या. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या, सप्तशती त्यांनी वाचलेली नव्हती. पण दसऱ्याची पुरणपोळी झाली, आपट्याची पानं वाटून झाली, की रात्री त्या आम्हा तिघी जावांना म्हणायच्या, "आई लवंडली. आता पुनवंपत्तुर तुमी बी लवंडा. भांड्याचा आवाज करू नगा." आणि हे नुसतं बोलणं नसे. त्या पाच दिवसांत दळण-कांडण नाही, सारवण नाही, दुपारी जेवणं झाली की चूल बंद. संध्याकाळी पिठलं-भाकरी, तीही त्या स्वतः थापायच्या. माझ्या सासऱ्यांनी एकदा दुपारी चहा मागितला. सासूबाई ओसरीवरूनच म्हणाल्या, "निजलीय ती." सासरे म्हणाले, "कोण? सूनबाई की देवी?" त्यावर उत्तर आलं नाही. चहाही आला नाही. त्यांनी मुकाट्यानं स्वतः चूल पेटवली. धूर मात्र घरभर केला.

सगळ्या घरांत असं होत होतं असं मुळीच नाही. शेजारच्या वाड्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारला जात्याची घरघर ऐकू यायची. सासूबाईंनी हा नियम कुठून आणला, हे मी त्यांना विचारलं होतं. त्यांच्या सासूनं त्यांना कधी असं निजू दिलं नव्हतं, एवढंच त्या म्हणाल्या.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, असं त्यात आलं. वर्षभराच्या पाहणीची ही सरासरी आहे; दसरा काढण्याच्या आठवड्यातला आकडा काय असेल तो आपण आपल्या घरात मोजू शकतो. हल्ली नोकरीवरून येऊन फुलोरा तळणाऱ्या मुली मी पाहते. काही घरांत घट मांडणं, नंदादीपाचं तेल पाहणं मुलगे करू लागलेत. त्यानं कोणती देवी कोपल्याचं ऐकिवात नाही. काही जणी कडाकण्या विकत आणतात. त्यांना नावं ठेवणाऱ्या बायकांना माझं सांगणं असतं की, देवीचा पलंगसुद्धा बाहेरून करून येतो.

पौर्णिमेला तुळजापुरात पुन्हा मोठी यात्रा भरते. सोलापूरच्या मानाच्या काठ्या येतात. सोलापूरच्या बाजूनं आणि कर्नाटकातूनही माणसं रात्ररात्र पायी चालत येतात. त्या रस्त्यावर गाड्यांपेक्षा पायांचा आवाज जास्त असतो. पहाटे देवीला उठवून सिंहासनावर बसवतात, आणि नेहमीच्या पूजा पुन्हा सुरू होतात. त्या रात्री बाकी महाराष्ट्र आटीव दूध पीत जागतो. आमच्या घरी पौर्णिमेच्या सकाळी सासूबाई स्वतःच जातं झाडायला घ्यायच्या, की आम्ही समजायचो, सुट्टी संपली.

उरली पौषातली मोहनिद्रा. तेव्हाही देवी आठवडाभर निजते, उठली की शाकंभरी नवरात्र बसतं. पण ती निद्रा आमच्या घरात पाळली जात नसे. ज्वारी हुरड्यात आलेली असते, पाखरं राखायला माळ्यावर सगळ्यांनाच जावं लागायचं.